ब्रिटिश मालिकेतले ‘मिसस’, ‘ओल्ड लेडी’, ‘आवर लॅस’, ‘मॅम’: मराठीत काय लिहायचं?

‘उपशीर्षक’ या सदस्येचा प्रश्न

एका ब्रिटिश मालिकेची मराठी सबटायटल्स करते आहे. अर्धी गोष्ट लंडनच्या ईस्ट एंडात घडते, अर्धी न्यूकासलला. पात्रं साधी आहेत: टॅक्सीवाले, प्लंबर, पबमध्ये बसणारे, दुकानात काम करणाऱ्या बायका. बायको, मैत्रीण आणि आई यांच्यासाठी ते जे शब्द वापरतात ते शब्दकोशात सापडतात, पण अर्थापुरतेच. सगळीकडे ‘बायको’, ‘गर्लफ्रेंड’, ‘आई’ लिहून पाहिलं, तर सगळ्यांच्या तोंडी एकच भाषा आली.

अडलेल्या जागा अशा: ‘द मिसस’, ‘माय मिसस’, ‘द वाइफ’ आणि ‘एर इनडोअर्स’ यांत फरक काय? ‘ओल्ड लेडी’ म्हणजे बायको की आई? एक पात्र आईला ‘मम’ म्हणतं, दुसरं ‘मॅम’, तिसरं ‘मा’. हा नुसता उच्चाराचा फरक आहे का? आणि यांतले कुठले शब्द अपमानाचे धरायचे? एका ओळीत ४२ अक्षरं आणि दोनच ओळी, त्यामुळे समजावून सांगायला जागा नाही.

बोलीभाषा (उत्तर)

शब्दाच्या आधी काय आलंय ते पहिल्यांदा बघा. सूर तिथे ठरतो, ‘मिसस’ किंवा ‘वाइफ’ या शब्दात नाही.

‘माय वाइफ’ हे कुठेही चालणारं साधं बोलणं. ‘द वाइफ’ म्हटलं की बायको घरातली एक वस्तू होऊन बसते: द कार, द डॉग, द वाइफ. जुन्या विनोदी नटांनी बायकोवरचे विनोद याच दोन शब्दांनी सुरू करून ते पार झिजवले आहेत, आणि अनेक बायकांना ते खटकतात. ‘द मिसस’मध्ये तेवढा कोरडेपणा नाही. पबमध्ये चार मित्रांत ‘निघतो, द मिसस वाट बघत असेल’ हे प्रेमानेही म्हटलं जातं. ‘माय मिसस’ त्याहून जवळचं.

प्रश्नात आलेलं ‘द’ मात्र वेगळं. ‘हाउज द मिसस?’ असं मित्र विचारतो तेव्हा तो त्या मित्राच्याच बायकोबद्दल विचारत असतो. याला मराठीत एकच सरळ उत्तर आहे: ‘वहिनी कशा आहेत?’ तिथे ‘तुझी बायको कशी आहे?’ लिहिलंत तर पडद्यावरचे दोघे जुने मित्र एकदम परके वाटतील. स्वतःच्या बायकोबद्दलचं ‘द मिसस’ मी ‘आमची ही’ करीन. ‘आमच्या मिसेस’ अर्थाला अचूक आहे, शब्दही तोच, पण मराठीत त्याला बँकेतल्या किंवा सरकारी कचेरीतल्या माणसाचा वास येतो. ईस्ट एंडच्या प्लंबरला तो शोभत नाही. ‘कारभारीण’ घेतलंत तर प्लंबर थेट बांधावर जाऊन उभा राहील.

‘मिसस’ हा मूळचा ‘मिस्ट्रेस’, म्हणजे घराची मालकीण. आपण ‘मिसेस’ म्हणतो ते त्याचंच संक्षिप्त रूप. ही पदवी पूर्वी लग्नाशी बांधलेली नव्हती, मानाशी होती. म्हणून तर मोठ्या घरांतल्या मुख्य स्वयंपाकिणीला आणि घर सांभाळणाऱ्या बाईला लग्न झालेलं नसलं तरी ‘मिसेस अमुक’ म्हणत. ‘वाइफ’चंही तसंच: जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता ‘बाई’, आणि ‘मिडवाइफ’ म्हणजे सुईण, या शब्दात तो अजून शिल्लक आहे. आपल्याकडे ‘बायकोमाणूस’ म्हणताना ‘बायको’ जशी कुणाची पत्नी नसते, तसंच. आजही ‘मिसस’ ऐकून लग्न गृहीत धरू नका. एकत्र राहणाऱ्या, लग्न न केलेल्या मैत्रिणीलाही सर्रास ‘मिसस’ म्हणतात. पुढच्या भागात त्यांचंच लग्न निघालं तर तुमची पहिल्या भागातली ‘बायको’ तोंडघशी पाडेल. संहिता शेवटपर्यंत वाचून मगच शब्द ठरवा. शंका असेल तिथे ‘आमच्या मॅडम’ चालवता येतं.

आयर्लंडमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये रस्त्यावर अनोळखी बाईला हाक मारतानाही ‘मिसस!’ म्हणतात. तिथे सरळ ‘ओ बाई!’ किंवा वय बघून ‘ओ मावशी!’

‘एर इनडोअर्स’ म्हणजे ‘ती, घरातली’. सुरुवातीचा ‘ह’ गिळलेला, म्हणून ‘हर’चा ‘एर’. १९७९ साली आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर सुरू झालेल्या ‘माइंडर’ मालिकेने हा प्रयोग घरोघरी नेला. तिच्यातला आर्थर डेली बायकोचा उल्लेख असाच करतो, आणि ती बायको पडद्यावर कधीच दिसत नाही. तेव्हापासून या दोन शब्दांत ‘घरात हुकूम जिचा चालतो ती’ हा अर्थ भरला. ‘होम मिनिस्टर’ हा आपल्याकडचा रुळलेला शब्द इथे चपखल बसतो आणि ओळीतही मावतो.

‘ट्रबल अँड स्ट्राइफ’ आलंच तर ते कॉकनी, म्हणजे ईस्ट एंडच्या बोलीतलं यमक आहे. ‘स्ट्राइफ’ आणि ‘वाइफ’ जुळतात म्हणून बायको. या बोलीत सहसा जुळणारा शब्द गाळून पहिलाच ठेवतात: जिना म्हणजे ‘ॲपल्स अँड पेअर्स’, बोलताना नुसतं ‘ॲपल्स’. हा मात्र बहुतेक वेळा पूर्ण म्हणतात. ‘कटकट आणि भांडण’ असं शब्दशः कधीही करू नका. इंग्रजीत यमकामुळे तो खेळ राहतो. मराठीत यमक गेलं की हातात नुसती शिवी उरते. ‘माय ओल्ड डच’ दिसलं तर तिचा नेदरलँड्सशी संबंध लावू नका. ते ‘डचेस’चं तुकडा पाडलेलं रूप मानतात, आणि त्यात जुन्या संसाराची माया आहे. ‘आमची म्हातारी’ हे नवऱ्याच्या तोंडी लाडाने येतं, ते इथे जमेल.

टाइनकाठ

न्यूकासलच्या अर्ध्याबद्दल लिहितो, कारण तिथे मराठीला एक आयता फायदा आहे.

इंग्लंडच्या उत्तरेत घरच्या माणसाला ‘माय’ऐवजी ‘आवर’ लावतात. एकटा माणूस बोलत असला तरी ‘आवर मॅम’, ‘आवर लॅस’. न्यूकासलच्या जॉर्डी बोलीत हेच ‘आवर’ ‘वॉर’ होतं: ‘वॉर लॅस’. लंडनच्या लोकांना हे अनेकवचन विचित्र वाटतं. आपल्याला अजिबात नाही, कारण आपण तेच बोलतो: ‘आमची आई’, ‘आमची ही’, ‘आमचा दादा’. तेव्हा न्यूकासलच्या पात्रांना ‘आमची’ द्या आणि लंडनच्यांना ‘माझी’. एवढ्या एका बदलाने दोन्ही शहरं वेगळी ऐकू येतील, एकही जादा अक्षर न घालता. वर बोलीभाषा यांनी लंडनच्या प्लंबरला ‘आमची ही’ दिली आहे. मी ती न्यूकासलसाठी राखून ठेवीन आणि प्लंबरला ‘बायको’च ठेवीन.

‘लॅस’ म्हणजे मुलगी, पण ‘आवर लॅस’ म्हणजे बायको किंवा मैत्रीण. पुढे नाव आलं, ‘आवर लिंडा’ वगैरे, तर मात्र ती घरातली कुणीतरी: बहीण, मुलगी, चुलतबहीण. तिथे मागचा-पुढचा प्रसंग बघावाच लागतो. मँचेस्टरकडच्या पात्राने ‘आवर किड’ म्हटलं तर ते त्याचं मूल नव्हे, भाऊ किंवा बहीण. वयाने मोठी असली तरीही. ही चूक सबटायटल्समध्ये फार सहज होते.

उत्तरेकडे ‘माय’चा उच्चार घाईत ‘मी’ असा होतो. ‘मी मॅम’ म्हणजे ‘माझी आई’.

आता आई. हा नुसता उच्चाराचा फरक नाही, बोलणारा कुठला आणि कुठल्या थरातला ते यावरून कळतं. लंडन आणि दक्षिण इंग्लंडात ‘मम’. ईशान्य इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडमध्ये ‘मॅम’. आयर्लंडमध्ये ‘मॅमी’ही, आणि मोठी माणसंसुद्धा ते बिनदिक्कत म्हणतात. डब्लिनला ‘मा’, ग्लासगोला ‘मॉ’. तुमच्या लंडनच्या भागात कुणी ‘मा’ म्हणत असेल तर ते पात्र बहुधा आयरिश किंवा स्कॉटिश घरातलं लिहिलं आहे; संहितेत तसा उल्लेख शोधा. आणि ‘मॉम’ म्हणजे अमेरिकन हे समीकरण पक्कं धरू नका. बर्मिंगहॅम आणि वेस्ट मिडलंड्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या ‘मॉम’च म्हणतात. तिथल्या दुकानांत मातृदिनाची कार्डंही ‘मॉम’ लिहिलेली मिळतात, जशी वेल्समध्ये ‘मॅम’ लिहिलेली. कार्डाचा प्रसंग असेल तर तारीखही तपासा. ब्रिटनचा मातृदिन ईस्टरआधीच्या लेंट या उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी येतो, म्हणजे मार्चमध्ये नाहीतर एप्रिलच्या सुरुवातीला. अमेरिकेचा मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. आपण पाळतो तो अमेरिकेचा.

‘ममी’ हा शब्द लहान मूल म्हणत असेल तर काहीच विशेष नाही. चाळिशीतला ब्रिटिश माणूस म्हणत असेल तर तो वरच्या वर्गातला आहे. २०१२ साली राणीच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली तेव्हा चार्ल्स यांनी राजवाड्यासमोरच्या व्यासपीठावरून भाषणाची सुरुवात ‘युअर मॅजेस्टी’ आणि लगेच ‘ममी’ अशी केली. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. राणी गेल्यावर २०२२ च्या भाषणात त्यांनी ‘माय डार्लिंग मामा’ म्हटलं, जोर दुसऱ्या अक्षरावर. मराठीत ‘मम्मी’ अगदी सगळ्या थरांतलं झाल्यामुळे हा वर्गभेद त्यातून कळत नाही. ‘आईसाहेब’ लिहायचा मोह होईल, पण त्याने लंडनमध्ये कोल्हापूरचा वाडा उभा राहतो. अशा पात्राला ‘ममी’ तसंच ठेवा आणि बाकी वाक्य जरा प्रमाण, सावकाश मराठीत लिहा.

‘मॅम’ आणि ‘मॅडम’वाला ‘मॅम’ यांची गल्लत होऊ देऊ नका. इंग्रजीत दोन्हींची स्पेलिंग वेगळी आहेत. मॅडमवाल्यात मध्ये स्वरलोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) असतं. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. पोलीस ठाण्यातल्या प्रसंगात हवालदार वरिष्ठ महिला अधिकाऱ्याला म्हणतो तो मॅडमवाला. तिथे ‘मॅडम’च लिहा, म्हणजे आईवाला ‘मॅम’ मोकळा राहील. याची उलटी बाजू आपल्या कामाच्या ईमेलमध्ये दिसते. भारतात शिक्षिकेला किंवा साहेबबाईंना ‘डिअर मॅम’ लिहिताना चिन्ह सर्रास गाळतात. न्यूकासल किंवा कार्डिफच्या माणसाला ते ‘प्रिय आईस’ असं वाचायला मिळतं. तिकडे पत्र लिहिताना नाव-आडनाव लिहावं, नाहीतर पूर्ण ‘मॅडम’.

इंग्रजी संहिता वाचताना अजून एक खूण. ‘मम’चं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत (कॅपिटल) असेल तर ते नावासारखं वापरलंय, म्हणजे बोलणाऱ्याची किंवा ऐकणाऱ्याची स्वतःची आई. लहान लिपीत असेल तर आधी ‘हिज’, ‘हर’, ‘युअर’ असं काहीतरी असतं. देवनागरीत ही सोय नाही, म्हणून ‘त्याची आई’ की नुसतं ‘आई’ हे तिथेच ठरवून घ्या. प्रसूती विभागातल्या परिचारिका नव्या बाळंतिणीलाच ‘मम’ म्हणतात. ‘हाउज मम डुइंग?’ म्हणजे तिथे ‘बाळाची आई कशी आहे?’, परिचारिकेची आई नव्हे.

उपशीर्षक

‘आमची’ आणि ‘माझी’ची युक्ती लगेच वापरते. ‘ओल्ड लेडी’ अजून सुटत नाही. वाक्य असं: ‘द ओल्ड लेडी विल किल मी’. बोलणारा मुलगा बाविशीचा, उशिरा घरी निघालाय.

बोलीभाषा

बाविशीचा आणि अजून घरीच राहणारा असेल तर आई. पन्नाशीचा असता तर बायको. ‘ओल्ड मॅन’चंही असंच: मुलाच्या तोंडी बाप, बाईच्या तोंडी नवरा. वय, तो राहतो कुणाबरोबर, आणि आधीच्या प्रसंगात घरातलं कोण दिसलं, या तीन गोष्टी जुळवल्या की उत्तर मिळतं. ‘ओल्ड डिअर’ आलं तर ती आई नाहीतर कुणी वयस्क बाई, बायको सहसा नाही. अमेरिकन मोटरसायकल टोळ्यांच्या गोष्टीत ‘ओल्ड लेडी’ला ठरलेला दर्जा असतो: सदस्याची कायमची जोडीदारीण. तिथे ‘म्हातारी’ लिहिलं तर तिशीतली बाई पडद्यावर दिसत असताना प्रेक्षक गोंधळेल.

तुमच्या वाक्याला ‘म्हातारी माझा जीव घेईल’ पुरे. मुलगा आईला म्हातारी म्हणतो हे मराठीत ओळखीचं आहे, आणि उद्धटपणाही तेवढाच येतो, जास्त नाही.

लिप्यंतर

मैत्रिणीच्या शब्दांबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि अपमानाचा प्रश्न खरा तिथेच आहे, म्हणून मी लिहिते.

‘बर्ड’ म्हणजे पक्षी असं समजून ‘चिमणी’, ‘पाखरू’ करू नका. मध्ययुगीन इंग्रजीत तरुण स्त्रीसाठी ‘बर्ड’सारखाच शब्द होता, पक्ष्याशी त्याची गाठ नंतर घट्ट झाली. आजच्या ब्रिटनमध्ये ‘माय बर्ड’ जुनाट आणि बाईला कमी लेखणारं मानतात. १९६०-७०च्या दशकांतल्या गोष्टीत ते साधं आहे, २०२०च्या गोष्टीत ते पात्राचा स्वभाव सांगतं. म्हणून आजच्या पात्राला ‘माझा माल’च्या जवळ जाणारं, पण तेवढं घाण नसलेलं काहीतरी हवं, ‘माझी आयटम’ बसतं. आणि ‘डुइंग बर्ड’ दिसलं तर तो तुरुंगवास आहे! तेही कॉकनी यमकच: ‘बर्डलाइम’ म्हणजे ‘टाइम’, शिक्षेचा काळ.

डब्लिनचं पात्र ‘मी मॉट’ म्हणेल, ती मैत्रीण. ऑस्ट्रेलियाची ‘शीला’ म्हणजे कुणीही बाई, मैत्रीण असेलच असं नाही, आणि शब्दही आता शिळा झालाय. लंडनची आजची पोरं ‘माय टिंग’ म्हणतात. ते ‘थिंग’चं कॅरिबियन रूप. त्यात बाई वस्तू झाली आहे हे शब्दच सांगतो. ‘वाइफी’ मात्र उलट. लग्न नसलं तरी ‘हिच्याशी माझं खरं आहे’ असा त्याचा भाव. ‘होणारी बायको’ लिहू नका, साखरपुडा झाल्यासारखं होतं. ‘पार्टनर’ हा ब्रिटनमधला सगळ्यात सुरक्षित शब्द. लग्न, लिंग, काहीच उघड करत नाही. मराठीत ‘पार्टनर’ धंद्यातला होतो किंवा मित्राला मारलेली हाक होते, त्यामुळे ‘जोडीदार’ घ्या. अमेरिकन बाई ‘माय गर्लफ्रेंड्स’ म्हणाली तर त्या बहुतेक नुसत्या मैत्रिणी.

बोलीभाषा यांच्या ‘वहिनी’ला एक जोड. इंग्लंड आणि वेल्समध्ये समलिंगी विवाह मार्च २०१४ पासून कायदेशीर आहेत, आणि बायकाही आपल्या बायकोला ‘माय मिसस’ म्हणतात. पात्र बाई असेल तर ‘वहिनी’ आपोआप लावू नका. ती ‘बायको’च म्हणते आहे, तेच लिहा.

‘बेबी मामा’बद्दल आताच सावध करते. जमैकातल्या ‘बेबी मदर’वरून अमेरिकेत रुळलेला शब्द. अर्थ: मुलाची आई, पण आता त्या माणसाशी संबंध नसलेली, लग्न न झालेली. सूर हलका करणारा. शब्दशः मराठी ‘बाळाची आई’ होतं, आणि इथेच सगळं उलटतं. आपल्याकडे नाव न घेणारा जुना नवरा ‘अगं बाळ्याची आई’ म्हणायचा. त्यात मर्यादा आहे, संसार आहे. इंग्रजीतली अवहेलना मराठीत आदर होऊन बसते. ‘पोराच्या आईशी आता माझं काही नाही’ असा संबंध तुटल्याचा उल्लेख वाक्यातच घालावा लागेल, आणि त्यासाठी दुसरी ओळ खर्च करा.

‘वॅग’ हे ‘वाइव्ह्ज अँड गर्लफ्रेंड्स’चं आद्याक्षरी रूप, फुटबॉलपटूंच्या बायका-मैत्रिणींसाठी. २००६ च्या जर्मनीतल्या विश्वचषकात इंग्लंडच्या खेळाडूंच्या घरच्या बायका बाडेन-बाडेनला उतरल्या होत्या, आणि टॅब्लॉइड पत्रांनी हा शब्द तिथून घराघरांत पोचवला. त्यात महागडी खरेदी आणि कॅमेऱ्यासमोरची मिरवणूक गृहीत आहे. ‘खेळाडूंच्या बायका’ एवढंच लिहिलं तर टोमणा जातो; ‘खेळाडूंच्या मिरवणाऱ्या बायका’ ठीक.

‘बेटर हाफ’साठी ‘अर्धांगिनी’ घेऊ नका. आपण सत्काराच्या भाषणात ‘माझ्या बेटर हाफ’ अगदी मनापासून म्हणतो. ब्रिटिश माणूस ते हसत हसत म्हणतो. ‘सौभाग्यवती’ थोडी खेळकर म्हणता येते, ती चालेल. ‘बॉल अँड चेन’ म्हणजे कैद्याच्या पायातली साखळी आणि लोखंडी गोळा. ‘पायातली बेडी’ मराठीत तयारच आहे. हा अपमान आहे आणि तो तसाच येऊ द्या.

उपशीर्षक

शेवटचं. न्यूकासलच्या दुकानातली बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘पेट’ म्हणते, बायकांनाही आणि पुरुषांनाही. आधीच्या अनुवादकाने तिथे ‘लाडके’ लिहिलं आहे.

टाइनकाठ

काढून टाका. ती हाक आहे, नातं नाही. न्यूकासलला ‘पेट’, यॉर्कशरला ‘लव्ह’, नॉटिंगहॅम, डर्बी आणि स्टोककडे ‘डक’, ग्लासगोला बायकांना ‘हेन’. ब्रिस्टल आणि नैर्ऋत्येकडे तर बसचा ड्रायव्हर चढणाऱ्या आजीबाईंना ‘माय लव्हर’ म्हणतो, आणि त्यात ‘या, बसा’ याहून जास्त काही नसतं. गिऱ्हाइकाचं वय बघा: तरुणीला ‘ताई’, पोराला ‘बाळा’, बरोबरीच्या पुरुषाला ‘दादा’, म्हातारीला ‘आजी’. ‘देअर यू गो, पेट’ला ‘हे घ्या ताई’ एवढंच.